विटेवरचे नाव

वाचकहो, राजाचे नाव दगडावर कोरले जाते. पण तो दगड ज्याने फोडला, वाहिला, घडवला त्याचे नाव कोण लिहिणार? आपला हा प्रश्न जुनाच आहे. त्याचे एक उत्तर इंग्लंडमधल्या एका खेड्याच्या मातीत सापडले. ते आज सांगतो.

हॅम्पशायर परगण्यात सिल्चेस्टर नावाचे गाव आहे. गावाबाहेर शेते, कुरणे आणि कडेला बाराव्या शतकातले लहानसे चर्च. या कुरणांभोवती मात्र सुमारे अडीच किलोमीटर लांबीची दगडी तटबंदी उभी आहे. रोमन अमलात इथे कॅलेवा नावाचे शहर नांदत होते. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ते ओस पडले आणि त्यावर पुन्हा शहर वसले नाही. म्हणून आपल्याकडच्या पांढरीसारखे सारे मातीखाली जपून राहिले. कोरड्या उन्हाळ्यात जुन्या रस्त्यांवरचे पीक लवकर पिवळे पडते आणि शहराचा नकाशाच शेतात उमटतो.

१८६६ साली इथे काशाचा गरुड सापडला. त्याची कीर्ती इतकी झाली की त्यावरून कादंबरी लिहिली गेली. पुढे १८९० ते १९०९ या काळात शहराचा बहुतेक भाग खणला गेला. बाजारचौक, न्यायकचेरी, देवळे, न्हाणीघरे उघडी पडली.

पण आम्हाला गरुडाहून मोलाची वाटते ती एक पोकळ वीट. गरम हवा भिंतींतून खेळावी म्हणून अशा विटा बसवीत. माती ओली असतानाच तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे, ‘ही वीट क्लेमेंटिनसने केली.’ दुसऱ्या एका विटेवर एकच शब्द आहे, ‘पुरे!’ भट्टीत वीट भाजली आणि अक्षर पक्के झाले. या शहरातल्या कामकऱ्यांनाही लॅटिन लिहिता येत होते, हे हॅवरफील्ड या अभ्यासकाने असल्याच विटांवरून दाखवून दिले.

त्या शहरात कितीतरी हात राबले असतील. त्यांतला क्लेमेंटिनस आज आपल्याला नावाने ठाऊक आहे, कारण त्याच्या हाती अक्षर होते.

माता-भगिनींनो, आपल्याही घरात कोणी गवंडी होते, कोणी धरणावर, कोणी रेल्वेच्या रुळांवर राबले. मुलांना एक वही द्या. आजोबा कुठे खपले, आजीने कुठे पाट्या वाहिल्या, ते नाव-गावासह त्यांच्याकडून लिहून घ्या. सांगणारे आहेत तोवरच हे काम होईल.