न आलेला वाढदिवस

आमच्या कोकणात बोटीवर नोकरी करणाऱ्यांची घरं पुष्कळ. पगार बरा, पण सहा-सहा महिने माणूस दिसायचा नाही. गणपतीतसुद्धा!

माझ्या वर्गातली एक मुलगी परवा फुरंगटून बसली. बाबांचं जहाज अमेरिकेहून जपानकडे निघालेलं. प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, की कॅलेंडरातला एक दिवस गळतो. नेमका तोच तिचा वाढदिवस! “बाई, बाबांकडे तो आलाच नाही!”

मी म्हटलं, अगं, उलट येताना एकच तारीख दोनदा येते. तेवढ्यानं काही कळी खुलली नाही. पनामा कालव्यात जहाज पाण्याच्या जिन्यानं २६ मीटर वर चढतं, हे बाबांनी पाहिलेलं मात्र ती अगदी रंगवून सांगते.

काल विचारत होती, “गळलेल्या दिवसाचा पगार मिळतो का हो?” सांगा बरं!