खोक्यावर न छापलेली तारीख

वाट पाहणे खानदेशातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. मृगाच्या सरीची वाट, कापसाला भाव चढण्याची वाट, केळीचा ट्रक भरून गेला की व्यापाऱ्याच्या पैशांची वाट. आयुष्याचा बराच भाग यातच जातो आणि त्याचे कोणाला विशेष काही वाटतही नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत या यादीत एका नव्या प्रतीक्षेची भर पडली आहे. जळगावहून भुसावळकडे जाताना महामार्गावर नशिराबाद लागते. तिथल्या किंवा अशा कोणत्याही गावातल्या मोबाइलच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले की एक संवाद हमखास कानावर पडतो. "भाऊ, या फोनला नवं अपडेट कधी येईल?" आणि दुकानदाराचे ठरलेले उत्तर, "वरून सोडलं की येईल!"

पाऊस वरून येतो हे ठीक. परंतु फोनचे अपडेट ज्या 'वरून' येते ते वर म्हणजे नेमके कुठे? तिथे कोण बसलेले असते? आणि ते आले नाही, तर जाब कोणाला विचारायचा? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण ज्या वस्तूत आज घराचा बँक व्यवहार, शेताची नोंद, मुलांचा अभ्यास आणि परगावच्या लेकीचा चेहरा एकत्र राहतो, त्या वस्तूचे आयुष्य कोण ठरवतो, हा प्रश्न किरकोळ कसा म्हणावा?

परिपत्रकाचा प्रवास

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हा प्रकार समजायला जड जात नाही. मुंबईच्या मध्यवर्ती कार्यालयातून परिपत्रक निघे. ते विभागीय कार्यालयात येई, तिथून क्षेत्रीय कार्यालयात, आणि मग शाखेत. नवा व्याजदर वर्तमानपत्रात वाचून खातेदार काउंटरवर हजर होई, आणि आम्ही मात्र "अजून आमच्याकडे परिपत्रक आलेले नाही" असे सांगत बसलेलो असू. खातेदार चिडे आणि त्याचे चिडणे रास्तच असे.

अँड्रॉइड फोनचे असेच आहे. गूगल साधारण दरवर्षी आपल्या प्रणालीची नवी आवृत्ती काढते. ती फोनमधल्या चिपशी जुळवून घेण्याचे काम चिप बनवणाऱ्या कंपनीकडे असते. त्यानंतर फोनवर जिचे नाव असते ती कंपनी आपली रंगरंगोटी आणि आपल्या सोयी त्यात घालते, चाचण्या घेते, आणि मग थोड्या थोड्या ग्राहकांना टप्प्याटप्प्याने ते सोडते. म्हणून एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या फोनांपैकी शेजारच्याला अपडेट येते आणि आपल्याला येत नाही. या साखळीतली एखादी कडी म्हणाली, की या जुन्या मॉडेलवर आता खर्च परवडत नाही, तर गोष्ट तिथेच संपते. आपल्याला ते कोणी कळवतही नाही. गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून या कड्या थोड्या मोकळ्या केल्या. चिपशी निगडित भाग आणि वरची प्रणाली यांची फारकत केली. त्यामुळे काम सोपे झाले. पण सोपे काम करायचे की नाही, हा निर्णय कंपनीच्याच हाती राहिला. आयफोनचे बरे असते, कारण तिथे सगळ्या कड्या एकाच मालकाच्या आहेत. पण त्याची किंमत आपल्याकडच्या किती घरांना झेपते?

एका अक्षराची प्रतीक्षा

मराठी माणसाची प्रतीक्षा तर नव्या कॅमेऱ्याची किंवा झगमगीत पडद्याची नव्हतीच. ती होती अक्षरांची. 'ॲप' हा शब्दच घ्या. त्यातले 'ॲ' हे अक्षर मराठीत बॅट-बॉलइतके जुने. पण संगणकांच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, देवनागरी १९९१ साली आली तरी या 'ॲ'ला स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. आणि जागा मिळाली म्हणजे ते अक्षर लगेच आपल्या पडद्यावर आले असे नव्हे. फाँट बदलावा लागतो, कळफलक बदलावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा अपडेट!

रुपयाच्या चिन्हाचेही तेच. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने '₹' हे चिन्ह स्वीकारले. आयआयटी मुंबईत शिकलेल्या उदय कुमार यांची ती रचना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये दाखल झाले, हा वेग कौतुकाचाच. पण विंडोजवर चालणाऱ्या संगणकांसाठी त्याचे अपडेट आले ते २०११ मध्ये. देशाचे चलन जिथे मोजले जाते त्या टेबलावर आम्ही तोवर 'रु.' लिहीत राहिलो. जुन्या मोबाइलवर तर त्या जागी कित्येक दिवस नुसता रिकामा चौकोन दिसत असे.

फोनच्या सगळ्या सूचना मराठीत वाचण्याची सोय अँड्रॉइडने आपल्या पाचव्या आवृत्तीत, २०१४ च्या अखेरीस दिली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला गूगलने दिल्लीत 'अँड्रॉइड वन' योजनेचे फोन आणले. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन भारतीय कंपन्यांचे. किंमत ६,३९९ रुपयांपासून. स्वस्त फोनालाही वेळेवर नवी आवृत्ती मिळेल, हा त्या योजनेचा मुख्य वायदा. अपडेट उतरवून घेण्यात लोकांचा डेटा खर्च होतो हे ओळखून एअरटेलच्या ग्राहकांना पहिले सहा महिने त्यात सवलतही देऊ केली होती. पुढच्या वर्षी त्या फोनांना पाचवी आवृत्ती मिळालीही. पण त्या काळी बाजारात असलेले इतर कितीतरी स्वस्त फोन चौथ्या आवृत्तीवर आले आणि तिथेच म्हातारे झाले. त्यांच्या मालकांनी मराठीची वाट पाहिली आणि मराठी आली ती पुढचा फोन विकत घेतल्यावर!

याची दुसरी बाजू १ जानेवारी २०२५ रोजी दिसली. त्या दिवसापासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीवरचे काम थांबवले. फोन धड होता, बॅटरी टिकत होती, आवाज स्वच्छ होता. तरी घरच्यांच्या गटातला एक माणूस गप्प झाला.

मागितले तर मिळते

हे सगळे परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर आहे, आपण काय करणार, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण आपल्याच राज्यातले एक उदाहरण वेगळे काही सांगते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकांची नोंद करीत. आता शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून फोनमधून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद चढवायची. कल्पना चांगली. पण एकदा चुकीचे बटण दाबले गेले तर? कापसात तूर आणि आणखी दोन पिके असली तर ती कुठे लिहायची? नेटवर्क आणि सर्व्हरच्या तक्रारी तर होत्याच. गावोगावच्या चावडीवर यावरून बोलणे झाले, वर्तमानपत्रांत छापून आले.

आणि पुढच्या खरीपाला, ऑगस्ट २०२२ मध्ये, या ॲपची दुसरी आवृत्ती आली. केलेली नोंद ४८ तासांच्या आत स्वतः दुरुस्त करण्याची सोय त्यात होती. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके नोंदवता येऊ लागली. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने त्यातल्या १० टक्के नोंदी तपासाव्यात असे ठरले. ज्या सोयींची उणीव लोकांनी बोलून दाखवली, त्यातल्या काही एका वर्षात हाती आल्या. सगळे प्रश्न मिटले असे नाही. पण इथे 'वर' कोण बसले आहे हे लोकांना ठाऊक होते. तलाठी, तहसीलदार, महसूल खाते. तक्रारीला पत्ता होता, म्हणून तिला उत्तर मिळाले.

पीक कर्जाची प्रकरणे ज्याने हाताळली आहेत त्याला या नोंदीचे मोल सांगायला नको. सातबाऱ्यावर पीक नसेल तर नुकसानभरपाई, विमा, खरेदी केंद्र, सगळीकडे अडचण. म्हणूनच जुन्या फोनवर ॲप उतरवू गेल्यावर 'हे तुमच्या फोनसाठी नाही' असा निरोप झळकतो, तेव्हा तो केवळ यंत्राचा निरोप राहत नाही. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे शेजारधर्मावर काम निभावते. पण हक्काची गोष्ट किती दिवस शेजारधर्मावर सोडायची?

सोय वेगळी, सुरक्षा वेगळी

या सगळ्या चर्चेत आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. एक म्हणजे नवी सोय आणि दुसरी म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती. एक घराला रंग देणे, तर दुसरी दाराची मोडकी कडी बदलणे.

सोयीसाठी थांबता येते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५-जी सुरू झाले तेव्हा कित्येकांच्या खिशात '५-जी' असे लिहिलेले फोन आधीपासून होते, पण कंपन्यांनी अपडेट न सोडल्यामुळे त्यांना ती सेवा मिळेना. अखेर त्याच महिन्यात सरकारने कंपन्यांना बोलावून तगादा लावला. आयफोनवाल्यांना तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबावे लागले. गैरसोय झाली, पण कोणाचे पैसे बुडाले नाहीत.

सुरक्षेच्या दुरुस्तीचे तसे नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनमधल्या रुग्णालयांपर्यंत हाहाकार माजवला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते 'नंतर बघू' म्हणून ठेवले, ते सापडले. आपल्या बँकांनीही याबाबतीत फार टेंभा मिरवू नये. विंडोज एक्सपीला मिळणारी मदत एप्रिल २०१४ मध्ये संपली, आणि जुन्या प्रणालीवर चालणारी एटीएम यंत्रे जून २०१९ पर्यंत बदला असे रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये बजावावे लागले.

अपडेट आले की डोळे मिटून घ्यावे, असाही याचा अर्थ नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले. जुन्या आयफोनांचा वेग अपडेटमधून कमी केला जात असल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. पुढे फ्रान्समध्ये त्याबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड झाला. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही नव्या प्रणालीनंतरच्या तक्रारींवरून ॲपलला नोटीस काढली. तेव्हा घरगुती नियम सोपा ठेवावा. सुरक्षेची दुरुस्ती आली की लगेच घ्यावी. नव्या आवृत्तीला पंधरा दिवस थांबले तरी बिघडत नाही. आणि दोन्ही घ्यायची ती फोनच्या सेटिंगमधून किंवा अधिकृत स्टोअरमधूनच. व्हॉट्सॲपवर 'बँकेचे नवे अपडेट', 'चलानाची फाइल' म्हणून कोणी काही पाठवले, तर ते उघडू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आज जेवताना सांगावे.

शब्दाला मुदत हवी

बँकेत पैसे ठेवले की पावतीवर मुदतीची तारीख असते. औषधाच्या बाटलीवर असते, बियाण्याच्या पिशवीवर असते, कीटकनाशकाच्या डब्यावर असते. फोनच्या खोक्यावर किंमत असते, बनवल्याचा महिना असतो; पण हा फोन किती दिवस सांभाळला जाईल ती तारीख तेवढी दिसत नाही.

इतरत्र ती मागितली गेली आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे कंपनीने जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोनांसाठी नियम आला, की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षे अपडेट उपलब्ध राहावीत. स्पर्धेपोटी काही कंपन्याही पुढे आल्या. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या महागड्या मॉडेलांना ७ वर्षांचा शब्द दिला.

'महागड्या' हा शब्द इथे महत्त्वाचा. लाखाच्या घरातला फोन घेणारा बहुधा दोन-तीन वर्षांत तो बदलतो. दहा हजारांचा फोन हप्त्याने घेणारा पाच-सहा वर्षे वापरतो, मग तो बायकोकडे जातो, नंतर आईकडे. म्हणजे ज्याच्या घरात फोन सर्वांत जास्त वर्षे राहतो, त्यालाच कंपनी सर्वांत कमी वर्षांचा शब्द देते. त्याच फोनवर त्याचे बँक खाते असते. फसवणूक झाली तर सोसण्याची ऐपतही त्याचीच कमी.

म्हणून पुढच्या खेपेला फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. सुरक्षेचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत? नव्या आवृत्त्या किती? आणि हे मॉडेल बाजारात आले कधी? कारण वर्षांची मोजणी बहुधा मॉडेल आल्यापासून होते, आपण पैसे दिल्यापासून नव्हे. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल, पण पन्नास गिऱ्हाइकांनी विचारले तर तो कंपनीच्या माणसाला विचारील. ई-पीक पाहणीत असेच झाले.

सरकारकडे मागणे एवढेच, की ती तारीख किमतीशेजारी ठळक मराठीत छापण्याची सक्ती करावी. फवारणीचे औषध घेताना आमचा शेतकरी डबा फिरवून आधी तारीख वाचतो आणि मग पैसे काढतो. फोनचे खोके तो तसेच फिरवून पाहील. तिथे वाचायला काहीतरी असले पाहिजे.