ग्रीनलंड म्हणजे निव्वळ जमीन नव्हे



अमेरिकेचा ग्रीनलंडवर डोळा असणे ही एका अध्यक्षाची लहर आहे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला पटत नाही. जमीन विकत घेण्याची अमेरिकेची सवय जुनीच आहे: तिने १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरना अलास्का विकत घेतले. १९४६ मध्ये ट्रुमन सरकारने ग्रीनलंडसाठी डेन्मार्कला १० कोटी डॉलरचे सोने देऊ केले. सौदा फिसकटला, पण १९५१ च्या संरक्षण कराराने ग्रीनलंडमधील थुलेचा लष्करी तळ पदरात पडला. रशिया आणि अमेरिका यांच्यामधला जवळचा हवाई मार्ग ध्रुवप्रदेशावरून जातो, हे त्यामागचे खरे कारण.

किंमत मोजली ती तिथल्या माणसांनी. १९५३ मध्ये तळासाठी इनुइट शिकारी कुटुंबांना अवघ्या काही दिवसांत घरदार सोडावे लागले. कुत्र्यांच्या घसरगाड्यांवर संसार लादून ती शंभरेक किलोमीटर उत्तरेला कानाकला गेली. १९६८ मध्ये चार हायड्रोजन बॉम्ब वाहणारे बी-५२ विमान त्याच परिसरातील बर्फावर कोसळले.

२००९ च्या स्वशासन कायद्याने ग्रीनलंडवासीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा चर्चेची सुरुवात त्यांच्या इच्छेपासूनच व्हायला हवी.

– एक नियमित वाचक, सातारा