पाणी द्यायला कोण शिकवणार?

शेतकरी बंधूंनो, बाजारातली सुरी चार दिवसांत बोथट झाली म्हणून आपण कुरकुरतो. पण गावच्या लोहाराच्या भात्यापाशी कुणी पोरगं शिकायला बसतंय का, ते पाहिलंत? कमानपाट्याचं पोलाद तापवून ठोकणं जमतं. खरी मेख पाणी देण्यात. ताव कमी तर धार मऊ, जास्त तर पातं तडकतं. साणेवर घाईनं धार निळी पडली, की पाणी उतरलंच समजा. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अवजारांना १५ हजार रुपये आहेत, पण पहिलं प्रशिक्षण पाच-सात दिवसांचं. तेवढ्यात हात बसत नाही. सरपंचसाहेब, अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते; ऐरणीवर राबणाऱ्याचाच अर्ज पुढे धाडा. आणि आपण विळे-सुऱ्या पाजवायला त्याच्याकडेच नेऊ. काम असेल तरच पोरगं टिकेल.