धरणाची पाण्याखालची भिंत तपासतं कोण? रोबो काय पाहू शकतो आणि काय नाही?

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. 103 मीटर उंचीचं धरण टिकलं, पण भिंतीला तडे गेले. कोरड्या बाजूचे तडे चालत जाऊन बघता येत होते. तडे पाण्याच्या बाजूलाही होते आणि तिथे होता शिवसागर जलाशय.

प्रत्येक मोठ्या धरणाची ही अडचण आहे. पाण्याचा सगळा दाब झेलणारी बाजूच नजरेआड असते.

मग ती तपासायची कशी?

जुने मार्ग दोन. पहिला, जलाशय खाली करायचा. म्हणजे सिंचन, पिण्याचं पाणी आणि वीज या तिन्हींवर पाणी सोडायचं! दुसरा, पाणबुडे उतरवायचे. दर 10 मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो. त्यामुळे 50 मीटरवर माणसाला थोडाच वेळ काम करता येतं आणि वर येताना थांबत थांबत यावं लागतं. त्याहून मोठा धोका गळक्या दरवाजाजवळ असतो. फटीतून पाणी जोरात ओढलं जातं, त्यात हात-पाय अडकला तर सुटणं कठीण.

इथे रोबो कामी येतो. त्याला आरओव्ही म्हणतात. केबलने जोडलेलं, छोट्या पंख्यांवर चालणारं हे यंत्र काठावरून किंवा बोटीतून चालवतात. त्यावर दिवे, कॅमेरा आणि सोनार असतो. पाणी गढूळ असेल तर कॅमेऱ्याचा फारसा उपयोग नसतो, तेव्हा आवाजाच्या लहरींवरून सोनार भिंतीचं चित्र उभं करतो. तड्यातून पाणी आत जातंय का, हे पाहण्याची युक्ती तर अगदी साधी आहे. तड्याजवळ थोडा रंग सोडायचा. तो आत ओढला गेला, तर गळती आहे.

जलविद्युत प्रकल्पांना याचा आणखी एक फायदा होतो. पाणी नेणारा बोगदा तपासण्यासाठी तो रिकामा केला की तेवढे दिवस वीजनिर्मिती बंद. घाईत रिकामा केला तर बाहेरच्या भूजलाच्या दाबाने बोगद्याच्या अस्तराचंच नुकसान होऊ शकतं. रोबो भरलेल्या बोगद्यातही जाऊ शकतो.

पण मर्यादाही आहेत. भिंतीवर शेवाळ किंवा गाळ असेल तर आधी ते साफ करावं लागतं. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, त्यामुळे तड्याची नेमकी जागा नोंदवणं हेच मोठं काम. ती नोंद चुकली, तर तडा वर्षभरात वाढला की नाही हे सांगणार कसं? आणि काँक्रीटच्या किंवा मातीच्या पोटात काय चाललंय, ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

महाराष्ट्रात देशातली सर्वाधिक मोठी धरणं आहेत आणि त्यातली बहुसंख्य मातीची. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. भूकंप किंवा पूर आला, तर वेगळी तपासणी करावी लागते.

तिवरे धरणाची गळती मात्र रोबोशिवायच दिसली होती. चिपळूण तालुक्यातलं हे मातीचं धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, अनेकांचा जीव गेला. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला.

त्यामुळे रोबो किती खोल जातो, यापेक्षा त्याचा अहवाल कुणाच्या टेबलावर जातो आणि दुरुस्तीचा निधी किती दिवसांत सुटतो, हे विचारायला हवं. धरणाखालच्या गावांना हा अहवाल वाचायला मिळणार का, हेही.