वाचून मुली बिघडतात?

“पुस्तकं वाचून मुली बिघडतात,” असे आमच्याकडे येणारे पाहुणे हमखास म्हणतात. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. म्हणून हा टोला मलाच असतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी ग्रंथालयातून ‘कळ्यांचे निःश्वास’ आणले. १९३३ साली हा कथासंग्रह निघाला तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनाची घुसमट त्यात उघडपणे मांडली होती. लेखिका बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालतीबाई बेडेकर. पण पुस्तकावर नाव होते विभावरी शिरूरकर. त्यांनी नाव झाकले, आणि मी? पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालून वाचत होते! लपण्याची पाळी लेखिकेवरून वाचकावर आली, एवढाच काय तो फरक.

या कथांनी मला प्रेमात पडायला शिकवले नाही. ‘मला काय हवे?’ हे स्वतःला विचारायला मात्र शिकवले.

आईला वाचता येत नाही. एका रात्री तिने विचारले, “एवढं काय गं लिहिलंय त्यात?” मी एक कथा वाचून दाखवली. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “मला कधी कुणी विचारलंच नाही.” पुढे पाहुण्यांनी माझ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा तीच म्हणाली, “आधी तिला विचारू.”

मैत्रिणींनो, याला बिघडणे म्हणायचे असेल, तर आम्ही मायलेकी दोघीही बिघडलो आहोत. पुस्तकाचे कव्हर मी काढून टाकले आहे.