शेवटी येणाऱ्यासाठीही टाळ्या



थंडी पडू लागली की आपल्या इंदूरला मॅरेथॉनचे वेध लागतात. नेहरू स्टेडियमच्या परिसरात पहाटेपासून लहानथोर जमतात. शाळेत फॉर्म आले की प्रश्न एकच असतो, "यंदा किती बक्षिसे येणार?" आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडून एक चूक झाली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही लवकर पोहोचलेल्या तिघांनाच मंचावर बोलावले. ५ किलोमीटर न थांबता पूर्ण करणारा सहावीचा एक मुलगा रांगेतच उभा राहिला, कारण आपल्या मुलांत तो शेवटी आला होता. यंदा त्याने फॉर्म घेतलेला नाही. याचा दोष आमचा आहे, त्याचा नाही.

बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. आज हे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते, त्या वेळी ते ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले १९वे आले. पदक मिळाले नाही, तरी शंभर वर्षांनंतरही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांना कोणी 'हरलेले' म्हणेल का?

अभ्यास बुडेल, ही पालकांची काळजी आम्ही समजतो. दहावी-बारावीच्या मुलांना आम्ही आग्रह करणार नाही, त्यांची बोर्डाची परीक्षा जवळ असते. इतरांसाठी आठवड्यातून तीन दिवस सकाळी अर्धा-पाऊण तास सराव पुरेसा आहे. मात्र सरावाशिवाय एकदम धावायला आमचाही विरोध आहे. दमा किंवा हृदयाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज मुलांना पाठवू नये.

विश्वस्तांना विनंती, की बक्षिसांसाठी ठेवलेल्या रकमेतून यंदा गरजू मुलांची फी आणि बूट द्यावेत.

आम्हीही पन्नाशी ओलांडून यंदा ५ किलोमीटरसाठी नाव दिले आहे. बहुधा शेवटीच येऊ. त्या सहावीच्या, म्हणजे आता सातवीतल्या, मित्राला आमचे सांगणे आहे, फॉर्म घेऊन जा. आपण सोबत धावू आणि मग सगळे मिळून पोहे-जलेबी खाऊ.